मुलांची धार्मिक सहिष्णुता गुणात्मक पद्धतीने कशी अभ्यासायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे उत्तर कशाला दिले आहे ते बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही शाळेत शिकवता आणि शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करत आहात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची भाषा, त्यांची विचार करण्याची पद्धत आणि धार्मिक सहिष्णुता यांचा संबंध तुम्हाला तपासायचा आहे. तीस मुलाखती घ्यायच्या, कोडिंग करायचे (म्हणजे बोलण्याच्या तुकड्यांना अर्थाची लेबले लावायची), थीम म्हणजे त्यांतली समान सूत्रे काढायची, असा आराखडा आहे. मार्गदर्शक विचारतात की परिकल्पना (आधी मांडून तपासायचा अंदाज) कुठे आहे, तीसच मुलाखती का, आणि नुसत्या बोलण्यावरून बोधन, म्हणजे मुलांची विचारक्रिया, कसे कळणार. शिवाय मातृभाषेच्या माध्यमातली आणि दुसऱ्या भाषेच्या माध्यमातली मुले अशी तुलना करावी का, असे तुम्ही विचारले आहे.

मार्गदर्शकांचा तिसरा प्रश्न सगळ्यांत कळीचा आहे. पण मला आराखड्यातली अडचण त्याच्याही आधी, सहिष्णुतेच्या व्याख्येत दिसते. तुम्ही युनेस्कोची व्याख्या घेतली आहे. १६ नोव्हेंबर १९९५ च्या त्या जाहीरनाम्यात जगातल्या संस्कृतींच्या विविधतेचा आदर, स्वीकार आणि कदर म्हणजे सहिष्णुता, अशी मांडणी आहे. धोरणाच्या कागदावर ती शोभते. संशोधनात मात्र ती घात करते, कारण तिच्यात न पटण्याला जागाच नाही.

राजकीय तत्त्वज्ञानात प्रेस्टन किंग यांच्यापासून रायनर फोर्स्ट यांच्यापर्यंत सगळे एका गोष्टीवर ठाम आहेत: सहिष्णुतेत आक्षेप असावाच लागतो. एखादी गोष्ट मला पटत नाही, खटकते, ती थांबवावीशी वाटते, तरी मी थांबवत नाही आणि का थांबवत नाही याचे माझ्यापाशी कारण असते, तेव्हा मी सहिष्णू. जे मला आवडतेच, किंवा ज्याच्याशी मला काही देणेघेणे नाही, ते मी सहन करतो असे म्हणण्यात अर्थ नाही. फोर्स्ट यांनी सहिष्णुतेची चार रूपे सांगितली आहेत: वरचढाने दिलेली परवानगी, परवडते म्हणून केलेले सहअस्तित्व, समान नागरिक म्हणून आदर, आणि दुसऱ्याच्या जगण्यात काही मोलाचे आहे असे मानणे. ही चार रूपे कोड म्हणून डेटावर चिकटवू नका. पण मुले बोलताना एका रूपावरून दुसऱ्यावर कशी घसरतात हे ओळखायला ती उपयोगी पडतात.

व्याख्या बदलली की पुढचे बरेच काही आपोआप ठरते. "इतर धर्मांविषयी तुला काय वाटते?" हा मुलाखतीतला पहिला प्रश्न काढून टाका. त्याचे उत्तर मुलाखतीआधीच लिहून ठेवता येईल: "सगळे धर्म सारखेच आहेत, आपण सगळ्यांचा आदर केला पाहिजे." रेकॉर्डर चालू असताना मोठ्या माणसाला बहुतेक मुले हेच सांगतात. ती खोटे बोलत नसतात, शाळेत या प्रश्नाचे जे बरोबर उत्तर असते ते देत असतात. शिक्षक विचारतो, मूल सांगते, शिक्षक बरोबर की चूक ते ठरवतो, हा वर्गातला साचा ह्यू मेहान यांनी १९७९ मध्ये नीट उलगडून दाखवला. मुलाखत घेणारी व्यक्ती शिक्षिका असेल तर तो साचा खोलीत तुमच्या आधी येऊन बसलेला असतो. "सगळे सारखेच" या वाक्यात आक्षेप नाही, म्हणून आपल्या व्याख्येप्रमाणे त्यात सहिष्णुतेविषयी काहीच माहिती नाही. अशा वाक्यांनी भरलेल्या तीस मुलाखतींतून "विद्यार्थी सर्वसाधारणपणे सहिष्णू आढळले" असा निष्कर्ष निघतो, आणि असे प्रबंध मी वर्षानुवर्षे तपासत आलो आहे.

म्हणून प्रश्नाऐवजी प्रसंग द्या. छोटी गोष्ट, ज्यात दोघांनाही काहीतरी गमवावे लागते. उदाहरणार्थ: शाळेच्या संघाचा सराव आणि एका खेळाडूच्या प्रार्थनेची वेळ एकच येते. त्याने सरावातून सूट मागितली आहे, सामना आठवड्यावर आहे. काय करावे? चार-पाच मुलांचा गट करा, गोष्ट वाचून दाखवा आणि गप्प बसा. गप्प बसणे यातले सर्वांत अवघड काम. मेरी रो यांनी १९७४ मध्ये दाखवले की शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम सेकंदभर थांबतात, आणि तेच तीन सेकंदांपर्यंत थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात, त्यांत अंदाज आणि कारणे येऊ लागतात. संवेदनशील विषयावर तर तीन सेकंदही कमीच.

अशा चर्चेतून साधारण कसला मजकूर हाती येतो ते दाखवतो. हा तुकडा नमुन्यासाठी मी रचलेला आहे, कोणा मुलांचा नाही.

अ: त्यांच्यात असंच असतं. त्यांना खेळापेक्षा ते महत्त्वाचं असतं.
ब: पण मागच्या मॅचला तो आला होता की.
अ: तो वेगळा आहे. तो तसा नाहीये.
क: मग प्रॅक्टिस अर्धा तास पुढे घेऊ या ना. विषय संपला.
ब: का पुढे घ्यायची पण? मला नाही पटत. आम्ही का बदलायचं? (थांबतो) पण यावरून त्याला टीममधून काढणं पण बरोबर नाही. उद्या माझ्या घरी काही असलं तर?

घाईत कोडिंग करणारा क ला सहिष्णू, ब ला असहिष्णू आणि अ ला पूर्वग्रहदूषित ठरवून मोकळा होईल. आता सावकाश वाचा. क ने वेळापत्रकाचा प्रश्न सोडवला. तो समंजस असेल, किंवा त्याला हा वाद नकोसा झाला असेल. "विषय संपला" या शब्दांवरून मला दुसरी शक्यता जास्त वाटते. या तुकड्यात काटेकोर अर्थाने सहिष्णुता दिसते ती ब मध्ये. त्याला पटलेले नाही, ते तो लपवत नाही, तरी कृतीला मर्यादा घालतो आणि त्याचे कारण देतो. कारणही पाहण्यासारखे आहे: स्वतःला त्या जागी ठेवून त्याने ते शोधले.

आणि अ? त्याच्यासमोर विरोधी उदाहरण आले, तरी नियम शाबूत राहिला. उदाहरणच अपवाद म्हणून बाजूला काढले गेले. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच या युक्तीला पुन्हा कुंपण घालणे अशा अर्थाचे नाव दिले होते. एक माणूस कुंपणाबाहेर सोडायचा आणि फट लगेच बुजवायची. "माझे त्यांच्यात खूप मित्र आहेत" या वाक्यानंतर येणारा "पण" याच कुळातला. मैत्री आहे म्हणजे पूर्वग्रह नाही असे धरून चालणाऱ्या संशोधकाच्या हातून हे नेमके निसटते. पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले आणि गटागटांतल्या संपर्काने पूर्वग्रह सरासरीने कमी होतो असे दाखवले. ते निःसंशय मोठे काम आहे. पण एखाद्या मुलाच्या बाबतीत संपर्क का लागू पडला नाही, हे त्या सरासरीत दिसत नाही. "तो वेगळा आहे" या वाक्यात दिसते. गुणात्मक संशोधनाला स्वतःची जागा आहे ती इथे.

आता भाषेकडे वळू. तुम्ही "भाषा" हा घटक आराखड्यात माध्यम म्हणून घेतला आहे. मी तो वाक्यरचनेच्या पातळीवर आणायला सांगेन, कारण तिथे पक्का पुरावा आहे. मार्जरी रोड्स, सारा-जेन लेस्ली आणि क्रिस्टिना ट्वोरेक यांनी २०१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार वर्षांच्या मुलांना आणि प्रौढांना त्यांनी एका काल्पनिक लोकसमूहाचे चित्रमय पुस्तक वाचून दाखवले. चित्रांतली माणसे वेगवेगळ्या वंशांची, वयांची, स्त्रिया आणि पुरुष दोन्ही. काहींना वाक्ये "हे लोक असे करतात" अशी ऐकवली, काहींना "हा माणूस असे करतो" अशी. सगळ्या समूहाविषयीची पहिल्या प्रकारची वाक्ये ऐकणाऱ्यांनी त्या समूहाचे गुण जन्मजात आणि न बदलणारे आहेत असे जास्त प्रमाणात मानले. वाक्यांतला आशय वाईट असावा लागत नाही, हे लक्षात घ्या. नुसत्या रचनेनेच समूह ही एक पक्की वस्तू होऊन बसते.

मराठीत हे टिपायला आपल्याला सोय आहे. "ती मुले भांडखोर आहेत" हे समोरच्या काही मुलांविषयी असू शकते. "ती मुले भांडखोर असतात" म्हटले की तो नियम झाला. वरच्या तुकड्यात अ ने पहिल्या दोन्ही वाक्यांत "असतं" वापरले आहे. त्याचप्रमाणे "आपण" कधी संपतो आणि "आम्ही" कधी सुरू होतो ते पाहा. मिश्र गटात चर्चा "आपण टीमला सांगू" अशी चाललेली असते आणि वाद पेटला की ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारा "आम्ही" येतो. ब ने आक्षेपाच्या क्षणी नेमका तोच वापरला. तिसरी खूण म्हणजे "असं म्हणतात" आणि वाक्याच्या शेवटी येणारे "म्हणे". मूल आरोप तर करते, पण त्याची जबाबदारी स्वतःवर घेत नाही. या खुणांच्या याद्या करून मोजदाद करत बसू नका. कोणत्या वळणावर रचना बदलली, तिच्याआधी कोण काय बोलले होते, आणि बाकीच्यांनी ते उचलून धरले की सोडून दिले, हे पाहा.

इटलीतल्या फेरारा इथल्या पालिओ शर्यतीतल्या प्रतिस्पर्धी गटांवर ॲन मास आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये केलेला अभ्यासही उपयोगी पडेल. आपल्या गटाचे चांगले वागणे लोक अमूर्त गुण म्हणून सांगतात, "उदार आहेत" असे. परक्या गटाचे तेवढेच चांगले वागणे तेवढ्यापुरती कृती म्हणून सांगतात, "त्याने मदत केली" असे. वाईट वागण्याच्या बाबतीत हे बरोबर उलटते. हे सगळे नकळत होते, म्हणून शब्द जपून वापरणाऱ्या मुलाच्या बोलण्यातही ते सापडू शकते.

आता मार्गदर्शकांचा प्रश्न: यावरून बोधन कसे कळणार? प्रामाणिक उत्तर असे की डोक्यात काय चालले आहे ते बोलण्यातून थेट दिसत नाही, आणि तसा दावा प्रबंधात करू नका. निस्बेट आणि विल्सन यांनी १९७७ मध्ये सांगितलेला प्रयोग शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. लोकांसमोर पायमोज्यांच्या एकसारख्याच चार जोड्या मांडल्या होत्या. बऱ्याच जणांनी अगदी उजवीकडची जोडी निवडली आणि कारण दिले प्रतीचे. जागेमुळे निवडली असे आपणहून कोणीही म्हटले नाही. माणसे आपल्या निवडीची कारणे सांगतात ती अनेकदा नंतर जुळवलेली असतात. म्हणून "तुला असे का वाटते?" याचे उत्तर म्हणजे विचारप्रक्रिया नव्हे.

पण व्हिगॉट्स्की यांच्या मांडणीने दुसरा रस्ता उघडतो. त्यांच्या मते वरच्या पातळीवरची विचारक्रिया आधी माणसामाणसांत घडते आणि मग आत उतरते. तसे असेल तर चार मुलांनी मिळून केलेला युक्तिवाद हीच बोधनाची एक उघड घडणारी क्रिया आहे, आणि ती तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. तुमचे विधान मग "या मुलाच्या मनात हे आहे" असे राहत नाही. "या गटात आक्षेप आल्यावर विचार असा पुढे गेला, किंवा इथे थांबला" असे होते. त्याचा बचाव तोंडी परीक्षेत करता येतो.

याला जोडून डीॲना कून यांचे १९९१ चे काम वाचा. त्यांनी १६० जणांना सामाजिक प्रश्नांवर त्यांचे मत विचारले आणि मग पुढे नेले: हे कशावरून? न पटणारा माणूस काय म्हणेल? दोघेही बरोबर असू शकता का? उत्तरांतून ज्ञानाकडे पाहण्याच्या तीन तऱ्हा निघाल्या. एकाच गोष्टीला खरे मानणारी, प्रत्येकाचे आपापले मत म्हणून सोडून देणारी, आणि मते तोलून पाहता येतात असे मानणारी. मधली तऱ्हा आपल्या विषयात फार फसवी. "ज्याचं त्याचं, आपण कोण बोलणार?" हे कानाला सहिष्णू वाटते. पण त्याच मुलाला जरा पुढे विचारले की बऱ्याचदा त्याने विचार करणे तिथेच थांबवलेले असते. घरी किंवा मित्रांत दबाव आला तर अशा भूमिकेला आधार उरत नाही असे माझे मत आहे. ते तुम्ही तुमच्या डेटावर तपासून पाहा.

परिकल्पनेविषयी थोडक्यात. गुणात्मक आराखड्यात ती लागत नाही, संशोधन-प्रश्न लागतात. विद्यापीठाच्या नमुन्यात तो रकाना सक्तीचा असेल तर तिथे संशोधन-प्रश्न लिहा आणि एका परिच्छेदात कारण द्या. "भाषेचा सहिष्णुतेवर होणारा परिणाम" या शीर्षकातला "परिणाम" मात्र आजच काढा. त्या शब्दाने तुम्ही कार्यकारणभाव कबूल करता, मग परीक्षक नियंत्रित गट मागणारच.

तीसच का? तुमच्याकडे कारण नाही, आणि "संपृक्तता बारा मुलाखतींत येते", म्हणजे त्यापुढे नवे काही मिळेनासे होते, हे कारण देऊ नका. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांचा २००६ चा तो निष्कर्ष दोन पश्चिम आफ्रिकी देशांतल्या स्त्रियांच्या साठ मुलाखतींवरून आला. गट बराच एकजिनसी होता आणि सगळ्यांना साधारण तेच प्रश्न विचारले होते. तुमचा गट मुद्दाम मिश्र आहे. मी आठ-दहा गटचर्चा घेईन, त्यांतल्या काही एकाच धर्माच्या मुलांच्या आणि काही मिश्र, आणि नंतर निवडक मुलांशी एकेकटे बोलेन. कोणाशी, तर ज्यांनी चर्चेत मध्येच भूमिका बदलली आणि जी पूर्ण वेळ गप्प होती त्यांच्याशी. एकधर्मी गटात बोलणारे आणि मिश्र गटात बोलणारे मूल एकच असले तरी वाक्ये वेगळी येतात. त्यातले खरे कोणते हे ठरवायला जाऊ नका. दोन्ही खरी आहेत, फरक हाच डेटा आहे.

बोलणे आणि वागणे यांतली दरी तुम्हाला कोणीतरी विचारेलच. लापिएर यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेला अनुभव त्यासाठी नेहमी सांगितला जातो. एका चिनी जोडप्यासोबत ते अमेरिकाभर फिरले, २५१ हॉटेले आणि खाणावळींपैकी एकाच ठिकाणी नकार मिळाला. नंतर पत्राने विचारल्यावर उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांनी चिनी पाहुणे घेणार नाही म्हणून कळवले. शाळेत दरी बहुधा उलट्या दिशेची असते: बोलण्यात आदर, वागण्यात अंतर. म्हणून चर्चांच्या जोडीला मैदान, मधली सुट्टी, गटकार्यात कोण कोणाशेजारी बसते याचे निरीक्षण हवे. २००६ ते २००९ मध्ये युरोपातल्या आठ देशांत झालेल्या, शिक्षणातल्या धर्माच्या स्थानावरच्या रेडको प्रकल्पात १४ ते १६ वयाच्या मुलांवर काम करताना मुलाखती आणि सर्वेक्षणाबरोबर वर्गातल्या संवादाचेही विश्लेषण केले होते. तो नमुना डोळ्यासमोर ठेवा.

विश्लेषणासाठी तुम्ही ब्राउन आणि क्लार्क यांची थीम काढण्याची पद्धत घेतली आहे, ठीक आहे. मग दोन कोडरांतल्या सहमतीचा आकडा देऊ नका. त्यांच्या चिंतनशील पद्धतीत तो बसत नाही हे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. "थीम उदयास आल्या" हे वाक्यही नको. थीम तुम्ही घडवता, म्हणून तुम्ही कोण आहात ते लिहावे लागते: तुमचा धर्म, तुमची शाळेतली जागा, तुमचे नाव ऐकताच मुलांनी काय गृहीत धरले असेल. रॉबर्ट जॅक्सन यांनी धर्मशिक्षणाच्या अभ्यासात हे आत्मपरीक्षण पद्धतीचाच भाग मानले आहे. विश्वसनीयतेसाठी लिंकन आणि गुबा यांचे १९८५ चे निकष वापरा, पण त्यातली सहभागींकडून पडताळणी जशीच्या तशी नको. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात त्याचेच "त्यांच्यात असंच असतं" हे वाक्य तुमच्या टिपणीसह देणे म्हणजे त्याच्यावर खटला चालवणे.

नीतिविषयक भागात तुम्ही पालकांची संमती लिहिली आहे. मुलाची स्वतःचीही हवी, आणि मधेच उठून जाण्याची मुभा हवी. नावे बदलल्याने ओळख लपत नाही. वर्गात एखाद्या धर्माचे एकच मूल असेल तर धर्म, वय आणि मुलगा की मुलगी एवढ्यावरून शाळेतले सगळे ओळखतात. अशा मुलाला मिश्र गटात बसवलेत तर तो आपल्या धर्माचा वकील होतो, इच्छा असो वा नसो. त्याला गटात घेऊ नका, वेगळे बोला, आणि त्याचे अवतरण छापताना धर्माचा उल्लेख गाळा. मुलाच्या सुरक्षिततेला धोका आहे असे काही कानावर आले तर गोपनीयता तिथे संपते, हेही आधीच सांगून ठेवा. चर्चेत कोणी दुखावले गेले तर त्याच दिवशी त्याच्याशी बोलायला कोणी तरी हवे, आणि ते माणूस शक्यतो तुम्ही नसावे.

राहिला माध्यमांचा प्रश्न. दोन माध्यमांच्या शाळांत भाषेखेरीज घरची आर्थिक स्थिती, वस्ती, शाळेतली धार्मिक सरमिसळ असे सगळेच वेगळे असते. त्यामुळे शाळा-शाळांची तुलना सोडा. भाषेचा प्रश्न मात्र सोडू नका. अल्बर्ट कोस्टा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले की एकाला गाडीसमोर ढकलून पाच जणांना वाचवण्याच्या काल्पनिक पेचात, तो पेच परक्या भाषेत मांडला तर एकाला ढकलायला जास्त लोक तयार होतात. मनाला भिडणे कमी होते, हे त्याचे एक स्पष्टीकरण. मुलाखत शाळेच्या भाषेत घेतली तर तुम्हाला शाळेचीच वाक्ये मिळण्याचा संभव जास्त, म्हणून भाषा मुलाला निवडू द्या, मध्येच बदलू द्या आणि शब्दांकनात तो बदल जिथल्या तिथे दाखवा. कोडिंग मूळ शब्दांवर करा, भाषांतर फक्त छापायच्या अवतरणांचे. तुलना हवीच असेल तर त्याच मुलांशी दोन्ही भाषांत बोला. दोन वेगळ्या प्रसंगकथा ठेवा, अर्ध्या गटांशी आधी मातृभाषेत आणि बाकीच्यांशी आधी दुसऱ्या भाषेत बोला, आणि कोणती कथा कोणत्या भाषेत जाते तेही अदलून-बदलून ठेवा.